चिनी छंग-यू : गोठा, शेत, विहीर आणि दरबार

सुचोऊकर (धागाकर्ता)

चार लोकांत मत मांडायची वेळ आली की इथला, म्हणजे चीनमधला, माणूस आधी म्हणतो, 'पाओ च्वान यिन यू'. म्हणजे मी वीट टाकतो, तुम्ही जेड काढा. आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणारा लबाड ठरतो, इथे वीट टाकणारा विनयशील. तर ही माझी वीट.

कामानिमित्त सुचोऊ शहरात राहतो, संध्याकाळी भाषा शिकतो. सध्या गाडी छंग-यूवर आली आहे. छंग-यू म्हणजे ठरीव वाक्प्रयोग, बहुतेक सगळे चार अक्षरांचे, शब्दकोशांत हजारोंनी. चार अक्षरं म्हणजे गोष्टीचं नुसतं शेपूट असतं. 'शोऊ जू दाय तू' याचा शब्दशः अर्थ 'बुंधा राखून सशाची वाट पाहणे'. यावरून परक्याला काय डोंबल कळणार? मागची गोष्ट अशी : शेतात एक बुंधा, त्यावर धावता ससा आपटला आणि मान मोडून मेला. शेतकऱ्याने त्या दिवसापासून औत टाकलं आणि दुसऱ्या सशासाठी बुंध्यापाशी बसून राहिला. ही गोष्ट हान फेई या विचारवंताची. तो इ.स.पू. २३३ मध्ये छिन राज्याच्या तुरुंगात मेला. गोष्टीचा रोख शेतकऱ्यावर नाहीच. जुन्या राजांची धोरणं आजच्या प्रजेवर चालवू पाहणाऱ्या विद्वानांची ती टिंगल आहे.

मला खरा धक्का बसला तो 'वांग यांग बू लाओ'ने. मेंढी गेली, कुंपण सांधलं. मी वर्गात ऐटीत सांगितलं की हे आमच्याकडेही आहे, बैल गेला आणि झोपा केला. लाओशी म्हणजे आमच्या बाई हसल्या. चिनीत याचा अर्थ बरोबर उलटा आहे : मेंढी गेल्यावर कुंपण सांधलं तरी उशीर झालेला नाही! उरलेल्या मेंढ्या वाचतात ना.

यामागचा प्रसंग छू राज्यातला. ज्वांग शिन नावाच्या मंत्र्याने राजाला बजावलं की चैनी खुशमस्कऱ्यांच्या नादाने राजधानी जाईल. राजा म्हणाला, म्हातारपणी भ्रम झालाय तुला. ज्वांग शिन जाओ राज्यात निघून गेला. पाच महिन्यांत छिनचं सैन्य आलं, राजधानी यिंग पडली (इ.स.पू. २७८), राजा पळाला आणि मग त्याला म्हाताऱ्याची आठवण झाली. त्या भेटीत ज्वांग शिनने हे वाक्य सांगितलं.

माझं मत असं बनत चाललंय की आपल्या म्हणी ओट्यावर जन्मल्या आणि छंग-यू दरबारात. शेजारी बिनदिक्कत म्हणू शकतो, गेला तुझा बैल, आता बस. मंत्र्याला तसं म्हणून भागत नाही. त्याला राजाकडून पुढचं काम करून घ्यायचं असतं. म्हणूनच बहुतेक छंग-यूंतला शेतकरी बावळट असतो, कारण सांगणाऱ्याच्या हाताला माती लागलेली नाही.

तुम्हाला काय वाटतं? शेत, झाडं, पाणी, भांडीकुंडी यांवरचे आणखी छंग-यू माहीत असतील तर टाका.

खाचर

छान धागा. मला यातला एकच माहीत आहे, रोपं ओढणारा. आमच्या पुतण्याच्या इंग्रजी पुस्तकात होता. रोपं लवकर वाढावीत म्हणून एक जण एकेक रोप वर ओढतो आणि सगळी मरतात. पण मला कोकणातला माणूस म्हणून पटत नाही. आम्ही दर आषाढात तेच करतो! तरव्यातून रोप उपटायचं, मूठ बांधायची, चिखलात लावायची. उपटल्याने भात मरत असता तर आम्ही कधीच उपाशी मेलो असतो.

सुचोऊकर

@खाचर, हा 'या म्याओ जू जांग'. मेन्सियस या तत्त्वज्ञाच्या ग्रंथातला. पण तो सोंग राज्यातला माणूस, म्हणजे आजच्या हनान प्रांतातल्या शांगच्यूच्या आसपासचा. उत्तरेकडचं मुख्य पीक तेव्हा राळा आणि वरी, भात नव्हे. राळं पेरतात, लावत नाहीत. शिवाय त्याने उपटून दुसरीकडे लावलं नाही, जागच्या जागी बोटभर वर खेचलं. मुळं तुटली, वर आधार नाही. घरी येऊन म्हणतो, 'आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत केली.' मुलगा धावत शेतावर जातो तर सगळं सुकलेलं.

त्या 'दमलो'मध्ये सगळी मजा आहे. आळशी नव्हता बिचारा! आज हे वाक्य सगळ्यात जास्त पोरांच्या शिकवण्यांवरून ऐकू येतं. २०२१ मध्ये सरकारने खाजगी शिकवण्यांवर निर्बंध आणले, तेव्हाही हेच चार शब्द सगळ्यांच्या तोंडी होते. ज्याच्या-त्याच्या तोंडी, आणि अर्थातच दुसऱ्याच्या मुलांबद्दल.

खाचर

राळ्याचं असेल तर मान्य. राळ्याचं रोप केसासारखं असतं, ओढलं की संपलं.

पण हा सोंगचा माणूसच का? सशावाला कुठला?

सुचोऊकर

तोही सोंगचाच! आधीच्या शांग घराण्याचा पाडाव झाल्यावर त्यांच्या वंशजांना सोंग ही जहागीर मिळाली होती. हरलेल्यांचं राज्य, त्यामुळे आजूबाजूच्या राज्यांतले पंडित मूर्ख माणूस हवा असला की सोंगचा घ्यायचे.

ओसरीवरची अक्का

कोणत्या गावाला हसायचं ते प्रत्येक मुलखात ठरलेलंच असतं. आमच्याकडच्या गावाचं नाव घेत नाही, इथे तिकडचे दोन आयडी आहेत.

माझा भाचा तैवानला शिकायला होता. त्याच्याकडून ऐकलेला एक मला फार आवडतो : खरबुजाच्या शेतात वाकून जोडा नीट करू नये, आलुबुखाराच्या झाडाखाली हात वर करून टोपी सारखी करू नये. लांबून बघणाऱ्याला वाटायचं चोरतोय. चिनीत त्याचं 'ग्वा थ्येन ली श्या' एवढंच होतं, खरबुजाचं शेत, आलुबुखाराखाली. आपल्याकडे ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, तसंच. फरक एवढाच की आपली म्हण लोकांना नावं ठेवते आणि त्यांची चालणाऱ्याला सांगते, बाबा, तूच जपून.

आणि तो 'जी माओ स्वान फी' म्हणायचा. कोंबडीची पिसं, लसणाची सालं. म्हणजे फुटकळ गोष्टी. पाव किलो लसूण सोलून बसलं आणि पंखा लावला की घरभर काय होतं ते ज्याला माहीत आहे त्यानेच हा शब्द काढला असणार. हा काही दरबारातला नाही हो सुचोऊकर.

सुचोऊकर

अक्का, हा मुद्दा बिनतोड आहे. लसूण सोलणारा मंत्री मला कुठे सापडलेला नाही.

मृगबहार

वरुड-मोर्शी पट्ट्यातला आहे, त्यामुळे संत्र्याचा विषय निघायची वाट पाहत होतो. 'हुआय नदीच्या दक्षिणेला लावलं तर संत्रं, उत्तरेला लावलं तर आंबट जी' असा काहीसा छंग-यू आहे ना? कृषी विद्यापीठातले एक सर भाषणात नेहमी सांगायचे. कुणी सविस्तर सांगेल का?

सुचोऊकर

'नान ज्यू बेई जी'. छी राज्याचा दूत यान यिंग छूच्या दरबारात गेला. बुटका पण महाचतुर माणूस. त्याचा अपमान करायचा म्हणून राजाने मेजवानी चालू असताना मुद्दाम एक चोर बांधून आणवला. कुठला रे? छी राज्याचा. राजा म्हणाला, तुमच्याकडचे लोक जात्याच चोर का? यान यिंग जागेवरून उठला आणि शांतपणे म्हणाला, हुआयच्या दक्षिणेला संत्रं ते संत्रं, उत्तरेला लावलं की त्याचं जी होतं. पानं सारखी, चव वेगळी. माती-पाणी वेगळं ना! छीमध्ये हा माणूस चोर नव्हता, छूमध्ये आल्यावर झाला.

ती हुआय नदी आणि पश्चिमेकडची छिनलिंग पर्वतरांग ही आजही चीनच्या भूगोलात उत्तर-दक्षिणेची सीमा मानतात. दक्षिणेला भात, उत्तरेला गहू. वार्षिक ८०० मिलिमीटर पावसाची रेषा साधारण तिथूनच जाते आणि जानेवारीचं सरासरी तापमान शून्य अंश असलेली रेषाही. यान यिंगने राजाला टोमणा मारता मारता हवामानाचा नकाशाच काढून ठेवला.

मृगबहार

आभारी आहे. आता माझी भर. जी म्हणजे तीन पानांचं काटेरी रानटी लिंबूवर्गीय झाड. ते वेगळंच झाड आहे, संत्र्याचं जी होत नाही. पण शेतकऱ्याला 'झाल्यासारखं' का दिसतं ते मी सांगतो. आमच्याकडे संत्रा कलमाचा असतो. खाली जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, वर नागपुरी संत्र्याचा डोळा. वरचा डोळा मेला आणि लक्ष राहिलं नाही, तर खालचा खुंट फुटतो. तीन-चार वर्षांनी फळ धरतं ते खडबडीत, आंबटढोण. लोक म्हणतात जमीनच खराब, संत्र्याची जंबेरी झाली. नर्सरीवाल्याशी भांडणं होतात यावरून. जी थंडीला काटक असतं आणि चीन-जपानात त्याचाच खुंट वापरतात. कडाक्याच्या थंडीत वरचं संत्रं गेलं आणि खालचं जी फुटलं, असं तिथेही कोणी पाहिलं असेल. माझा आपला अंदाज. यान यिंगच्या काळी कलमं बांधत होते की नाही, ते जाणकार सांगतील.

पण दरबारातला म्हणालात तरी या वाक्यातलं निरीक्षण बागाईतदाराचं आहे. पानं सारखी, चव वेगळी, हे खाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

पोथीनिष्ठ

या धाग्यावर भारतातून तिकडे गेलेल्या मालाचा उल्लेख अजून कसा नाही?

'मांग रेन मो श्यांग', आंधळे हत्ती चाचपतात. ही गोष्ट पालीत उदान ग्रंथात आहे. चीनमध्ये ती रुळली बौद्ध सूत्रांच्या भाषांतरांतून. महापरिनिर्वाण सूत्राचं जे भाषांतर धर्मक्षेम या भारतीय भिक्षूने पाचव्या शतकात केलं, त्यातली यादी वाचण्यासारखी आहे. दात चाचपणारा म्हणतो हत्ती मुळ्यासारखा. कान धरणारा म्हणतो सुपासारखा. डोकं चाचपणारा दगडासारखा, सोंड धरणारा मुसळासारखा, पाय धरणारा उखळासारखा, पाठीवर हात फिरवणारा खाटेसारखा, पोटाला हात लावणारा रांजणासारखा आणि शेपूट धरणारा दोरासारखा. सूप, उखळ, मुसळ, रांजण, दोर, मुळा. घराचं मागचं दार उघडलं की जे दिसतं ते सगळं त्या हत्तीत आहे.

दुसरा याहून भारी. 'थान हुआ यी श्येन', म्हणजे थानचं फूल एकदा दिसलं. हे थान म्हणजे काय? उदुंबर! चिनीत 'यौ-थान-पो-लो' असं लांबलचक लिप्यंतर झालं आणि पुढे त्यातलं नुसतं 'थान' उरलं. सद्धर्मपुंडरीक सूत्रात बुद्ध शारिपुत्राला सांगतो की असा उपदेश उंबराच्या फुलासारखा क्वचितच दिसतो. कुमारजीव या भाषांतरकार भिक्षूने ४०६ साली त्याचं चिनी भाषांतर केलं, तिथून हा वाक्प्रयोग निघाला. आपण वर्षभर तोंड न दाखवणाऱ्याला 'काय उंबराचं फूल झालास' म्हणतो. तेच फूल, तोच अर्थ. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, म्हणून कोणाला दिसत नाहीत.

ओसरीवरची अक्का

अगंबाई! नरसोबाच्या वाडीचा औदुंबर चिनी भाषेत जाऊन बसला की.

सुचोऊकर

@पोथीनिष्ठ, पण आज त्याचा अर्थ 'दुर्लभ' राहिलेला नाही. एक सिनेमा गाजवून गायब झालेल्या नटाला थान हुआ म्हणतात. आला आणि गेला. आणि बाजारात 'थान हुआ' मागितलं तर उंबर मिळत नाही, निवडुंगाच्या जातीचं एक झाड मिळतं. पानातूनच कळी फुटते, रात्री मोठं पांढरं फूल उमलतं आणि सकाळी मान टाकतं. शेजारच्या आजींच्या गॅलरीत आहे. फूल यायचं असलं की जिन्यात खुर्च्या मांडतात.

गच्चीतली बाग

थांबा थांबा. पानातून कळी, रात्री पांढरं फूल, सकाळी मान टाकते. हे आपलं ब्रह्मकमळ! पुण्यात दर दुसऱ्या गॅलरीत आहे आणि फुललं की लोक फोटो टाकतात, आरती करतात. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, उत्तराखंडाचं राज्यफूल. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हे बाई मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. म्हणजे एका अमेरिकन निवडुंगाला आपण ब्रह्मदेवाचं कमळ केलं आणि चिन्यांनी बुद्धाचं उंबर केलं. मेक्सिकोवाल्यांना कोणी विचारलं का?

पोथीनिष्ठ

हे मला माहीत नव्हतं. सूत्रात नाही.

नांगरट

सगळं वाचलं. धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे.

ज्वांग शिन ते मेंढीचं वाक्य राजाला सांगतो तेव्हा त्याआधी काय म्हणतो ते बघा. 'मी एक गावंढळ म्हण ऐकली आहे' असं तो स्वतः म्हणतो. म्हण मेंढपाळाची, दरबारात नेली मंत्र्याने, आणि श्रेय लागलं ग्रंथाला. ज्या काळात शेतकऱ्याला लिहिता येत नव्हतं त्या काळची कुठलीही म्हण आपल्याला दरबारीच दिसणार. शेतकऱ्याची बुद्धी आणि पंडिताचं हस्ताक्षर, असा हा मामला आहे.

आणि बावळट शेतकऱ्याचं म्हणाल तर 'यू गोंग यी शान' विसरलात. यू गोंग म्हणजेच मूर्ख म्हातारा. नव्वदीला टेकलेला. दारासमोर थायहांग आणि वांगवू असे दोन डोंगर. घरच्यांना घेऊन खणायला लागतो. माती टाकायची बोहाय समुद्राकाठी, एक खेप करून यायला थंडीची उन्हाळ्यावर जाते. शेजारच्या विधवेचा नुकते दुधाचे दात पडू लागलेला पोरगाही उड्या मारत मदतीला येतो. नदीकाठचा 'शहाणा' म्हातारा हसतो. यू गोंग म्हणतो, मी मेलो तर मुलगा आहे, मग नातू, मग पणतू. डोंगर काही वाढत नाही. इथे मूर्ख म्हणतात तो शहाणा आहे आणि शहाणा म्हणतात तो मूर्ख.

सुचोऊकर

'गावंढळ म्हण' हा पुरावा जबरदस्त आहे. पण मग मुद्दा आणखी रंगतो : तीच म्हण गावात राहिली असती तर तिचा अर्थ 'उशीर झाला नाही' असाच राहिला असता का?

यू गोंगबद्दल मात्र सांगतो, त्यालाही दरबार सुटला नाही. गोष्टीत शेवटी देव दोन बलवान पाठवून डोंगर उचलवतो. ११ जून १९४५ ला यान-आनमध्ये पक्षाच्या सातव्या अधिवेशनाच्या समारोपात माओने हीच गोष्ट सांगितली. डोंगर दोन, साम्राज्यवाद आणि सरंजामशाही, आणि देव म्हणजे जनता. सांस्कृतिक क्रांतीत ते भाषण लोकांना पाठ करायला लावलं होतं. एका म्हाताऱ्याच्या कुदळीवर किती जणांनी हात मारला!

पोथीनिष्ठ

आणि त्या यू गोंगचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र भारतात काढलं गेलंय. श्यू बेईहोंग हा चित्रकार रवींद्रनाथांच्या आमंत्रणावरून शांतिनिकेतनात आला होता. १९४० मध्ये त्याने हे भलंमोठं चित्र रंगवलं. त्यातले कुदळ चालवणारे उघडे, पिळदार गडी बघा, अंगकाठी चिनी वाटत नाही. मॉडेल म्हणून आपलीच माणसं उभी होती.

खाचर

डोंगर म्हटलं की दशरथ मांझी. बिहारमधलं गेहलौर, १९६० ते १९८२, छिन्नी-हातोडा. त्यांच्यासाठी देवाने कोणी बलवान पाठवले नाहीत.

मृगबहार

+१

दोर आणि रहाट

उशिरा आलो. चिकाटीचाच विषय निघालाय तर 'श्वेई दी शी छ्वान' राहिला. पाण्याच्या थेंबाने दगडाला भोक पडतं. आपलं थेंबे थेंबे तळे साचे. तिथल्या शाळांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं का हो सुचोऊकर?

सुचोऊकर

असतं! वर्गात, व्यायामशाळेत, बँकेच्या कॅलेंडरवरसुद्धा. पण पोरांना मागची गोष्ट कोणी सांगत नसावं.

उत्तर सोंग घराण्याच्या काळात, म्हणजे त्या सोंग राज्यानंतर बऱ्याच शतकांनी, जांग ग्वाय-याय नावाचा अधिकारी छोंगयांग इथे दंडाधिकारी होता. एकदा एक कारकून खजिन्यातून बाहेर आला, त्याच्या कानशिलाजवळ पागोट्याखाली एक नाणं दिसलं. विचारलं तर खजिन्यातलंच. जांगने फटक्यांची शिक्षा दिली. कारकून उसळून म्हणाला, एका नाण्याचं काय एवढं? मला फटके मारू शकाल, माझी मान उडवू शकणार नाही. जांगने लेखणी घेतली आणि निकाल लिहिला : रोज एक नाणं, हजार दिवसांत हजार नाणी. दोराने लाकूड कापलं जातं, थेंबाने दगडाला भोक पडतं. आणि तलवार घेऊन स्वतः पायऱ्या उतरला नि त्याचं मुंडकं उडवलं. मग वरिष्ठांकडे स्वतःविरुद्धच अहवाल पाठवला.

दगडावर थेंब पडतो हे निरीक्षण त्याच्याही हजारएक वर्षं आधीच्या लिखाणात आहे. पण आजची घडण या निकालपत्राच्या वळणाची.

दोर आणि रहाट

बाप रे. आमच्या जुन्या आडाच्या काठावरच्या दगडाला दोराच्या खाचा आहेत, बोट मावेल इतक्या खोल. आजी त्या दाखवून अभ्यास करायला सांगायची. मान उडवायचं तिने कधी काढलं नाही.

ओसरीवरची अक्का

यालाच म्हणतात ओटा आणि दरबार. सुचोऊकर, तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

नांगरट

अक्का, मी अजून मान्य केलेलं नाही. थेंबाचा दगड त्या जांगने पाहिला होता की त्याच्याकडे पाणी भरणाऱ्याने?

आणि जाता जाता, कारकुनाचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं असं दिसतंय. एका नाण्याला फटकेच होते. नाहीतर साहेबाला स्वतःविरुद्ध अहवाल कशाला पाठवावा लागला असता?